हिरवी तार शेवटी कुठे जाते?

'अर्थिंग केलं की जास्तीची वीज जमिनीत जाते' हे वाक्य घरोघरी ऐकायला मिळतं आणि वायरिंगमधल्या बऱ्याच घोडचुका त्यातूनच निघतात. वीज जमिनीत मुरत नाही आणि जमिनीला विजेची ओढही नसते. वीज जिथून निघाली तिथेच तिला परत जायचं असतं, म्हणजे गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या ट्रान्सफॉर्मरकडे. इंदुरात आपण सगळे त्याला डीपी म्हणतो. फेजमधून आलेला करंट न्यूट्रलमधून तिकडेच परततो. परतीची वाट नसेल तर करंट वाहत नाही, म्हणून तर एकाच तारेवर बसलेल्या कबुतराला काही होत नाही.

मग जमिनीवर उभं राहून फेजला हात लागला तर शॉक का बसतो? कारण ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलची एक जोडणी तिथेच खाली जमिनीत गाडलेली असते. ही जोडणी मुद्दाम केलेली असते. ११ हजार व्होल्टची बाजू आत कुठे ४१५ व्होल्टच्या बाजूला टेकलीच, तर घरातल्या तारा हजारो व्होल्टवर चढू नयेत आणि बिघाड लगेच कळावा, हा तिचा उद्देश. पण त्यामुळे जमीन हीही परतीची एक वाट होऊन बसते. फेज, हात, पाय, फरशी, माती आणि तिथून ट्रान्सफॉर्मरचं न्यूट्रल, असं वर्तुळ पूर्ण होतं. ओल्या अंगाचा रोध १५०० ओहमच्या आसपास धरला तर २३० भागिले १५००, म्हणजे साधारण १५० मिलिअँपिअर. १ मिलिअँपिअरला मुंग्या येतात, १० च्या पुढे मूठ आपली आपण सुटत नाही आणि ३० च्या वर श्वासाला व हृदयाला धोका सुरू होतो. १५० म्हणजे किती, ते यावरून कळेल.

हिरवी तार, म्हणजे यंत्राची धातूची बॉडी जमिनीतल्या अर्थशी जोडणारी तार, या वर्तुळात माणसाच्या जागी येते. गीझरच्या आत फेज बॉडीला टेकली, तर करंटने माणसातून न जाता हिरव्या तारेतून जावं, आणि इतक्या जोरात जावं की एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच) पडावी. यातला दुसरा भाग लोक विसरतात, आणि सगळा घोळ तिथेच आहे.

आकडे घेऊन बघू. समजा आपल्या अर्थच्या खड्ड्याचा, म्हणजे हिरवी तार जिथे जमिनीत उतरते त्या जागेचा, रोध २० ओहम आहे आणि ट्रान्सफॉर्मरकडच्या अर्थचा २ ओहम. गीझरमध्ये फेज बॉडीला चिकटली. करंट किती वाहील? २३० भागिले २२, म्हणजे साडेदहा अँपिअर. गीझरची एमसीबी १६ अँपिअरची. तिच्या दृष्टीने साडेदहा अँपिअर हा नेहमीचा भार आहे, ती कधीच पडणार नाही. सी प्रकारची १६ अँपिअरची एमसीबी झटक्यात पडायला ८० ते १६० अँपिअर लागतात. इकडे गीझरच्या बॉडीवर किती व्होल्ट? २३० पैकी २०/२२ भाग, म्हणजे २०९. अर्थिंग व्यवस्थित जोडलेलं आहे, खड्डा आहे, हिरवी तार आहे, आणि तरी बॉडीवर २०९ व्होल्ट.

एवढ्यावर ते थांबत नाही. हिरव्या तारा सगळ्या घरात एकमेकींना जोडलेल्या असतात, म्हणून फ्रीज, वॉशिंग मशीन, मिक्सरची थ्री पिन, सगळ्यांच्या बॉडीवर तेच २०९ व्होल्ट पोचतात. बिघाड न्हाणीघरात आणि शॉक स्वयंपाकघरात. शिवाय साडेदहा अँपिअर सतत वाहत राहिले, तर दिवसाला ५८ युनिटच्या आसपास वीज मातीत उष्णता होऊन वाया जाते. बिल अचानक दुप्पट-तिप्पट झालं आणि मीटर खराब असल्याचा संशय आला, तर मीटरला दोष देण्याआधी क्लॅम्प मीटरने (तारेभोवती चिमट्यासारखा पकडून करंट मोजणाऱ्या मीटरने) हिरव्या तारेतला करंट मोजून घ्यावा. तो शून्याच्या अगदी जवळ असायला हवा.

आता तो २० ओहम आपल्याकडे येतो कुठून, ते बघू. कारण माळव्याच्या मातीचं वागणं निराळं आहे.

अडीच मीटर लांब, ४० मिलिमीटर व्यासाचा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप उभा गाडला, तर त्याचा रोध मातीच्या रोधकतेच्या, म्हणजे वीज अडवण्याच्या तिच्या गुणाच्या, सुमारे एक तृतीयांश येतो. ओल्या काळ्या मातीची रोधकता १० ओहम-मीटरच्या आसपास, म्हणजे पाइपचा रोध ३ ओहम. उत्तम. पण तीच माती मे महिन्यात वाळते, आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पाइपपासून सुटून येते. पाइप आणि माती यांच्यामध्ये हवा आली की हिशेबच बदलला. बऱ्याच ठिकाणी काळी माती काही फुटांचीच असते, खाली मुरूम लागतो आणि मग काळा दगड. कोरड्या मुरमाची रोधकता १०० धरली, तर तोच पाइप ३३ ओहम दाखवतो. दगडात तर शेकड्यांत जातो. जुलैमध्ये मोजून 'अर्थिंग झकास आहे' असा निर्वाळा देणाऱ्यावर म्हणूनच विश्वास ठेवू नये. मोजायचं ते मेच्या अखेरीस, पहिला पाऊस पडायच्या आधी.

जाड पाइप घेतला तर फायदा होईल का, असं नेहमी विचारलं जातं. फारसा नाही. व्यास दुप्पट केला तर रोध जेमतेम १३ टक्क्यांनी उतरतो. लांबी दुप्पट केली तर ४० टक्क्यांहून जास्त उतरतो. म्हणून पैसे खोलीवर घालावेत. खोल जाता येत नसेल, खाली दगड असेल, तर दुसरा पाइप घालावा, पण पहिल्यापासून किमान ५ मीटर लांब, म्हणजे लांबीच्या दुप्पट अंतरावर. शेजारी शेजारी दोन पाइप गाडले तर दोघे तीच माती वापरतात आणि दुसऱ्याचा खर्च जवळजवळ फुकट जातो.

खड्डा भिंतीपासून दीड मीटर दूर घ्या. पायाजवळची माती कोरडी असते आणि ओल टिकवायला तिथे पाणी घातलं तर पायालाच त्रास. अर्थिंगचं भारतीय मानक आयएस ३०४३, त्यातही हेच अंतर दिलं आहे. पाइपला १२ मिलिमीटरची भोकं पाडलेली असावीत, म्हणजे वरून ओतलेलं पाणी तळापर्यंत बाहेर झिरपत राहतं. भोवती कोळसा आणि मिठाचे थर घालायची जुनी पद्धत चालते, पण मीठ पावसाने वाहून जातं आणि जाता जाता जीआयला खातं. दर दोन-तीन वर्षांनी मीठ भरायची तयारी नसेल तर बेंटोनाइट (पिशवीत मिळणारी एक चिकणमाती) वापरा. बेंटोनाइटमधला मुख्य खनिज घटक आणि आपल्या काळ्या मातीतला, दोन्ही एकच: माँटमोरिलोनाइट. दोन्ही ओले असताना वीज छान नेतात आणि वाळले की आकसतात. त्यामुळे पिशवीवर काहीही छापलेलं असो, उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी पाइपच्या तोंडाशी ओतायला हवंच. एसीचं पाणी टपकतं ती नळी अर्थच्या चेंबरमध्ये सोडणं हा यावरचा सर्वात सोपा उपाय, कारण सर्वात कोरड्या दिवसांतच एसी सर्वात जास्त चालतो.

खड्डा चांगला असूनही अर्थ जातो, तो बहुतेक वेळा चेंबरमधल्या जोडावर. तांब्याची तार जीआय पाइपला नुसती गुंडाळली तर ओलीमुळे दोन धातूंमध्ये गंज धरतो आणि चार-पाच पावसाळ्यांत जोड बाहेरून शाबूत, आतून मेलेला असतो. कथील चढवलेला लग (तारेच्या टोकाला बसणारा धातूचा तुकडा) दाबून बसवा, नट-बोल्ट आणि स्प्रिंग वॉशर लावा, वर ग्रीस द्या. आणि चेंबरचं झाकण फरशीखाली गाडू नका, फरशी बसवणारे हमखास गाडतात.

एवढं सगळं केलं तरी घरच्या एका खड्ड्यावर वर्षभर २ ओहम टिकवणं अवघड आहे. टिकवलं तरी २ अधिक २, म्हणजे ५७ अँपिअर, आणि त्याने १६ अँपिअरची एमसीबी झटक्यात पडत नाही. आतली पट्टी तापेपर्यंत काही सेकंद घेते. म्हणून माझं मत ठाम आहे. ज्या घरात पैसे एकाच कामाला पुरणार असतील, तिथे आधी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळती ओळखून वीज तोडणारा स्विच) बसवा, खड्डा नंतर.

आरसीसीबीत फेज आणि न्यूट्रल दोन्ही एका चुंबकीय कड्यातून जातात. गेलेला करंट आणि आलेला करंट सारखा असेल तर कडं शांत. ५ अँपिअर गेले आणि ४.९५ परतले, तर उरलेले ५० मिलिअँपिअर भलत्याच वाटेने गेले, हे ती ओळखते आणि दोन्ही तारा तोडते. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी १५ च्या खाली पडू नये आणि ३० ला पडलीच पाहिजे, अशी बांधलेली असते. गळती ३० ची असेल तर ०.३ सेकंदाच्या आत, १५० ची असेल तर ०.०४ सेकंदाच्या आत. आधी काढलेला ओल्या अंगाचा आकडा १५० होता, तो इथे आठवावा.

आणि आता खड्ड्याचा हिशेब पुन्हा करा. बॉडीवर ५० व्होल्टपेक्षा जास्त येण्याआधी ३० मिलिअँपिअर वाहायला हवेत, तर रोध किती चालेल? ५० भागिले ०.०३, म्हणजे १६६६ ओहम. मेमधला वाळलेला, ३३ ओहमचा खड्डाही यात आरामात बसतो. जो अर्थ एमसीबीला कधीच पुरला नसता, तो आरसीसीबीला पुरून उरतो. घरात हिरवी तारच नसेल तरी आरसीसीबी पडते, फक्त तेव्हा ती माणसाला हिसका बसल्यावर पडते. हिरवी तार असेल तर कोणी हात लावायच्या आधीच. म्हणून दोन्ही हवं, पण क्रम हा.

आरसीसीबीच्या मर्यादाही नीट माहीत हव्यात. एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरलं तर तिला काही कळत नाही, तिच्या लेखी तो माणूस म्हणजे बल्ब. जास्त भार आणि शॉर्टसर्किट हे तिचं काम नाही, त्याला एमसीबी लागतेच. १०० किंवा ३०० मिलिअँपिअरची आरसीसीबी आग टाळायला असते, माणूस वाचवायला नाही. दुकानदार 'ही कमी त्रास देते' म्हणून ती पुढे करतो, महाराणी रोडवर खरेदीला गेलात तर डब्यावरचं ०.०३ (अँपिअर, म्हणजे ३० मिलिअँपिअर) वाचून घ्या. इन्व्हर्टर एसी आणि नवी वॉशिंग मशीन असतील तर 'एसी' लिहिलेल्या प्रकारची आरसीसीबी न घेता 'ए' प्रकारची घ्या, कारण या यंत्रांची गळती नुसत्या एसी (दिशा बदलत वाहणाऱ्या) करंटची नसते, तिच्यात डीसीचे (एकाच दिशेच्या करंटचे) ठोके मिसळलेले असतात आणि साधी आरसीसीबी ते ओळखायला चुकू शकते. टी लिहिलेलं बटण महिन्यातून एकदा दाबा. त्याने यंत्र चालू आहे एवढंच कळतं, अर्थ चांगला आहे की नाही ते कळत नाही.

रामबाग, नारायण बाग, मल्हारगंज भागातल्या जुन्या घरांत आणखी एक प्रकार दिसतो, आणि तो सर्वात घातक. लाकडी पट्टीवरच्या जुन्या वायरिंगमध्ये दोनच तारा असतात. नवा थ्री पिन सॉकेट बसवताना अर्थची तार मिळत नाही, म्हणून सॉकेटच्या मागे न्यूट्रलमधूनच एक तुकडा वरच्या जाड भोकाला जोडून दिला जातो. 'शेवटी न्यूट्रल म्हणजे अर्थच' हे त्यामागचं समर्थन. मीटरवर मोजलं तर फेज आणि अर्थमध्ये चक्क २३० व्होल्ट दिसतात, टेस्ट लॅम्प झगझगीत पेटतो, सगळे खूश. आता खांबापासून घरापर्यंत कुठेही न्यूट्रल तुटलं की काय होतं बघा: फेज फ्रीजच्या मोटरमधून न्यूट्रलवर येते, पुढे वाट नाही, म्हणून त्या तुकड्यावाटे फ्रीजच्या पत्र्यावर चढते. फ्रीज बंद पडलाय म्हणून माणूस दार उघडायला जातो आणि हातात २३० व्होल्ट. खांबावर काम होऊन फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल झाली तर न्यूट्रल तुटायचीही गरज नाही.

हा तुकडा ओळखायची युक्ती सोपी आहे. त्याच लाइनवरच्या शेजारच्या सॉकेटवर इस्त्रीसारखा हजार वॉटचा भार चालू ठेवून, संशय असलेल्या सॉकेटवर न्यूट्रल आणि अर्थमधले व्होल्ट मोजा. खरा अर्थ असेल तर १ ते ३ व्होल्ट दिसतील, कारण न्यूट्रलच्या तारेत भारामुळे थोडे व्होल्ट पडतात. अगदी नेमका ०.० आला तर सॉकेट उघडून बघा. १० च्या वर आला तर न्यूट्रलचा जोड कुठेतरी सैल आहे. आणि ६० ते १२० असा तरंगता आकडा आला, तर अर्थची तार कुठेच पोचलेली नाही.

या शेवटच्या आकड्यातच आणखी एका नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर आहे: कॉम्प्युटरच्या पत्र्याला किंवा लॅपटॉपला हात लावला की झिणझिण्या का येतात? त्यांच्या पॉवर सप्लायच्या तोंडाशी दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजपासून बॉडीला, दुसरा न्यूट्रलपासून बॉडीला. अर्थ जोडलेला नसला की बॉडी बरोबर मध्यावर, ११५ व्होल्टवर तरंगते. करंट १ मिलिअँपिअरच्या आतला असतो म्हणून फक्त झिणझिण्या. डेस्कटॉपच्या बाबतीत त्या म्हणजे 'माझा अर्थ तुटलाय' अशी स्पष्ट सूचना आहे. दोन पिनांच्या चार्जरला मात्र अर्थच नसतो, तिथे त्या येणारच.

टेस्टरबद्दलही थोडं. त्याच्या आत निऑनचा दिवा आणि दहा लाख ओहमच्या घरातला रोध असतो, म्हणून बोटातून जाणारा करंट पाव मिलिअँपिअरच्याही आत राहतो. तो पेटायला इतका कमी करंट पुरतो की शेजारच्या तारेमुळे आलेल्या पोकळ व्होल्टवरही पेटतो. टेस्टर पेटला नाही म्हणून तार मेलेली आहे असं धरू नये. आधी चालू असल्याची खात्री असलेल्या भोकात तपासावा, मग इथे, मग पुन्हा तिथे. सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटला आणि काहीच चालत नसलं, तर दोन फेज आल्या असं नाही, न्यूट्रल तुटलंय. एका घरात दिवे भगभगीत, पंखे सुसाट आणि शेजारी मंद, असं दिसलं तर तीन फेजचं सामायिक न्यूट्रल तुटलंय. तेव्हा कारण शोधत बसू नका, मेन स्विच बंद करा. अशा वेळी २३० च्या जागी ४०० च्या जवळपास व्होल्ट येऊ शकतात आणि टीव्ही-फ्रीज काही सेकंदांत जातात.

गीझरचं एलिमेंट का गळतं, हेही सांगायला हवं, कारण आपल्याकडे बोअरचं पाणी जड आहे. एलिमेंटमध्ये मधोमध तापणारी तार, भोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड आणि वर धातूची नळी असते. जड पाण्याचा पांढरा थर नळीवर बसला की उष्णता पाण्यात जात नाही, नळी जास्त तापते, बारीक तडा जातो आणि पुडीत पाणी शिरतं. पाणी गरम होत राहतं आणि बॉडीवर गळती सुरू होते. नर्मदेचं पाणी येत असेल तर गीझरची टाकी त्यावरच जोडा, बोअरवर नको. एलिमेंट दर दोन वर्षांनी काढून थर साफ करा. गीझरला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, दोन्ही तारा तोडणारा डबल पोल स्विच आणि तेवढ्याच जाडीची हिरवी तार. ती हिरवी तार कुठल्याही स्विच किंवा फ्यूजमधून जाता कामा नये. जुन्या घरांत अर्थ नळाच्या लोखंडी पाइपला दिलेला असतो. मधला एक तुकडा प्लास्टिकचा बसवला त्या दिवसापासून तो अर्थ संपला, आणि न्हाणीतला लोखंडी नळ मात्र घरातल्या सगळ्या बॉडींशी जोडलेला राहिला.

जुन्या घरात आरसीसीबी बसवली की ती पहिल्याच दिवशी पडते. इथेच लोक कंटाळून ती काढून टाकतात. काढू नका, ती खरं बोलत असते. सगळ्या एमसीबी बंद करून आरसीसीबी चढवा आणि एकेक एमसीबी चालू करत जा. जिच्यावर पडली तिच्या सॉकेटमधली यंत्रं काढून पुन्हा बघा. सगळ्या एमसीबी बंद असूनही पडत असेल तर गोंधळू नका. साधी एमसीबी फक्त फेज तोडते, न्यूट्रल जोडलेलंच राहतं. न्यूट्रल लिंकवरच्या (सगळ्या न्यूट्रल तारा जिथे एकत्र येतात त्या पट्टीवरच्या) तारा एकेक करून सोडवा, मेन बंद करून. ज्या तारेने फरक पडेल तिथे न्यूट्रल आणि अर्थ कुठेतरी टेकलेले आहेत, बहुधा वर सांगितलेल्या तुकड्यामुळेच. ठराविक दिवा लावला की लगेच पडते? मग त्या दिव्याला फेज एका सर्किटची आणि न्यूट्रल दुसऱ्याचं मिळालंय, जिन्याच्या दिव्यात हे फार आढळतं. इन्व्हर्टर आला की पडते? इन्व्हर्टरचं न्यूट्रल आरसीसीबीच्या आधीच्या न्यूट्रलला जोडलं गेलंय, ते नंतरच्या बाजूला घ्या. फक्त पावसाळ्यात पडते? गच्चीवरचा दिवा, बाहेरची मोटर आणि गॅलरीतला सॉकेट, याच क्रमाने बघा.

गणपतीच्या मंडपाला हेच लागू आहे, उलट जास्तच. लोखंडी पाइप, ओली जमीन, फुटक्या जोडाच्या तारा आणि भोवती मुलं. मंडपाच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी आणि लोखंडी सांगाड्याला स्वतंत्र अर्थ, एवढ्याशिवाय रोषणाई चालू करू नये.

अर्थ मोजायला अर्थ टेस्टरवाला बोलावलात तर दोन खिळे तो किती लांब ठोकतो ते बघा. लांबचा खिळा पाइपपासून २०-२५ मीटरवर, मधला त्या अंतराच्या ६२ टक्क्यांवर. मग मधला खिळा थोडा पुढे-मागे करून आकडा तोच राहतो का ते त्याने दाखवायला हवं. गल्लीत तेवढी कच्ची जागा नसते हे खरं, तेव्हा जवळचं मैदान किंवा रस्त्याकडेची माती मिळते का ते आधी बघून ठेवा. मोजताना खड्ड्यापासून घराकडे जाणारी तार सोडवलेली हवी आणि तेवढा वेळ घराचा मेन बंद. मिळालेला आकडा, महिना आणि वर्ष डीबीच्या (एमसीबी असलेल्या पेटीच्या) झाकणाच्या आतल्या बाजूला पक्क्या शाईने लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या मेमध्ये तुलना करता येईल.